अनुभव धागा : आई-वडिलांसोबत वाइन आणि जेवण

प्रत्येक पदार्थासोबत वेगळी वाइन घोट-दोन घोट वाढली जाते, अशा जेवणाला आईला किंवा वडिलांना सोबत घेऊन जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांनी तो येथे सविस्तर लिहावा, ही विनंती. वाइनच्या नावांपेक्षा टेबलावर काय बोलणे झाले हे वाचण्यात मला अधिक रस आहे. फसलेले बेतही अवश्य लिहावेत. सुरुवात मीच करतो.

आईच्या सत्तरीनिमित्त आम्ही पुण्याहून नाशिकला गेलो होतो. आई शाकाहारी, वाइनची चव कधी घेतलेली नाही. पहिल्या पदार्थाबरोबर, म्हणजे कोथिंबीरवडीबरोबर, सोव्हिन्यॉं ब्लॉं ही त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाइन आली. वाढणारा मुलगा पाठ केलेली फळांची यादी म्हणू लागला, तोच आईने पेला नाकाशी नेऊन सांगितले, "कच्चा पेरू आहे, आणि ढोबळी मिरची चिरताना येतो तसा वास." मुलगा गप्पच झाला. ढोबळ्या मिरचीला ज्या पायराझिन गटातल्या द्रव्यामुळे वास येतो, तेच द्रव्य या द्राक्षात असते, हे मी नंतर वाचले. आईला ते चाळीस वर्षांच्या भाजी चिरण्यातून आधीच ठाऊक होते. शेवटी मात्र माझी फजिती झाली. गोड वाइनबरोबर श्रीखंड मागवण्याची हौस माझीच. वाइनपेक्षा पदार्थ अधिक गोड असला की वाइन आंबट लागते, आणि तसेच झाले. आईने पेला माझ्याकडे सरकवला आणि श्रीखंडाची वाटी स्वतःकडे ओढली.

निफाडहून

आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे, सगळी थॉमसन, म्हणजे खाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षाची. वडिलांचे आयुष्य द्राक्षात गेले, पण घरात दारूचा विषय नको हा त्यांचा दंडक. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला आणि वाइन ही दारू की नव्हे यावर आमच्या पारावर वाद पेटला, तेव्हा दोन्ही बाजू ऐकून घेऊन ते एवढेच म्हणाले होते, "मालाला भाव देणार असतील तर बघू." पुढच्या वर्षी फेब्रुवारीत, ऐन तोडणीच्या दिवसांत, मी त्यांना गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत जेवायला नेले.

जेवणाआधी बाग दाखवतात. शिराझ या तांबड्या वाइनच्या द्राक्षाच्या एका घडापाशी वडील थांबले, एक मणी तोडून त्यांनी तो दोन बोटांत चिरडला आणि साल अंगठ्यावर पसरून पाहिली. आमच्याकडे घड विरळ करायचा, मणी फुगावा म्हणून जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या) द्रावणात बुडवायचा, निर्यातीच्या मालासाठी मण्याचा आकार मिलिमीटरमध्ये मोजायचा, असा वर्षभराचा आटापिटा असतो. इथला मणी वाटाण्यापेक्षा थोडा मोठा, आत बिया, साल जाड. "हा माल आमच्याकडं व्यापारी फुकट बी नेणार नाही," ते म्हणाले. वाइन तयार करणाऱ्या तरुणाने समजावले की तांबड्या वाइनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो, आणि मणी लहान असला की रसाच्या मानाने साल जास्त मिळते. वडिलांचा पुढचा प्रश्न तयारच होता : "गोडी किती धरता?" तो म्हणाला, तेवीस-चोवीस ब्रिक्स (रसातली साखर मोजण्याचे माप). आम्ही अठराच्या आसपास माल उतरवतो. आंबताना साखरेचाच अल्कोहोल होतो हे ऐकल्यावर वडिलांनी मान डोलावली, जणू एखादे जुने गणित सुटले.

टेबलावर मटणासोबत शिराझ आली. त्यांनी एकच घोट घेतला, तोंडात बराच वेळ धरला आणि म्हणाले, "जांभूळ खाल्ल्यावर जीभ धरते, तशी धरते." पेला अर्धा तसाच राहिला. उरलेला सगळा वेळ त्यांनी त्या तरुणाला किलोचा दर, कराराची वर्षे आणि पैसे किती दिवसांत हाती पडतात हे विचारण्यात घालवला. एका हंगामात एक व्यापारी आमचे पैसे बुडवून पसार झाला होता, त्यामुळे "दर आधी लेखी ठरतो" हे वाक्य त्यांनी त्याला दोनदा म्हणायला लावले. मटण निवले. मला वाइनविषयी बोलायचे होते, ते राहूनच गेले.

सोलापूरहून

माझा अनुभव छोटा आहे. पहिल्या पगारातून आईला अशा जेवणाला नेले. वाइन येण्याआधीच तिने समोरचे तिन्ही पेले एकेक करून पालथे घातले. माझे आजोबा दारूपायी गेले, हे मला माहीत होते. वाइनचे तसे नसते, असे मी स्वतःला परस्पर समजावून टाकले होते. आम्ही सगळे पदार्थ खाल्ले, ती स्वयंपाकाबद्दल भरभरून बोलली, आणि पेल्यांचा विषय तिने काढला नाही, मीही काढला नाही. न्यायच्या आधी विचारायला हवे होते.

मडगावहून

माझ्या आईच्या माहेरी कपाटात पोर्ट या गोड, कडक वाइनची बाटली कायम असे, आणि ती बाळंतिणीला औषधासारखी चमच्याने दिली जाई. त्यामुळे आम्ही पोर्तुगालला गेलो तेव्हा पोर्तोसमोर, दोउरु नदीपलीकडच्या गाया शहरातल्या एका तळघरात जेवायचे, हा हट्ट तिचाच. रस पुरता आंबण्याआधीच त्यात द्राक्षांचे मद्यार्क ओतून आंबणे थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जातो, असे तिथे सांगितले. आईने लाकडी पिंपात वर्षानुवर्षे मुरलेली टॉनी पोर्ट चाखली, डोळे मिटले आणि म्हणाली, "म्हणजे आम्ही इतकी वर्षे सरबत पीत होतो." चीज आणि बदाम तिने बाजूला ठेवले, हिच्यासोबत बेबिंका (गोव्याचा थरांचा गोड पदार्थ) हवी, असा तिचा निर्णय झाला. परतल्यावर गणेश चतुर्थीनंतर आम्ही तो प्रयोग केला. जायफळ, भाजलेला थर आणि ती वाइन अशी काही जमली की माझा शाकाहारी मामासुद्धा बेबिंकेतली अंडी विसरला.

फ्रँकफुर्टहून

वडील कोल्हापूरहून आले ते दोन किलो कांदालसूण चटणी घेऊनच. मग वाइनचे जेवण घरीच करायचे ठरले : तांबडा रस्सा मी करणार, वाइन मी निवडणार. आधी मी जड, तुरट तांबडी वाइन उघडली, ती चूक. अल्कोहोल आणि तुरटपणा यांनी तिखट असे काही भडकले की वडिलांनी, ज्यांनी आयुष्यात कधी तिखटाला हार मानली नाही, त्यांनी पाण्याचा तांब्या मागितला. मग मोझेल खोऱ्यातली थोडी गोडसर रीसलिंग ही पांढरी वाइन काढली, साडेआठ टक्के अल्कोहोलची, थंडगार. दोन भुरके, एक घोट, पुन्हा भुरका. "तिखट लागल्यावर गुळाचा खडा चघळावा, तसं हाय हे," ते म्हणाले, आणि रस्सा पुन्हा वाढून घेतला. रात्री उरलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवताना त्यांनी तिच्यावर चिठ्ठी चिकटवली : "फक्त रश्श्यासाठी."