हरभऱ्याच्या मुळावर गाठी आल्यात पण आतून पांढऱ्या, कल्चर वाया गेलं का?

काळीमाती:
नमस्कार मंडळी, दोन एकर हरभरा आहे, सोयाबीन काढून पेरलाय, या रानात हरभरा पहिल्यांदाच. आज ३८ दिवस झाले. रायझोबियम, म्हणजे मुळावर गाठी करणाऱ्या जिवाणूंचं कल्चर, बियाण्याला लावून पेरला तरी पीक पिवळसर पडलंय, खालची पानं आधी. काल खुरप्याने मातीसकट दोन झाडं काढून बादलीत मुळं धुतली, तर गाठी आहेत पण मोहरीएवढ्या, नखाने फोडल्या तर आत पांढरं. बांधापलीकडे चुलत्यांचा हरभरा काळाभोर आहे, त्यांच्याकडे दरवर्षी असतो. दुकानदार म्हणतो युरिया फेका. फेकू का?

रब्बीवाला:
भाऊ थांबा, युरिया फेकू नका. जमिनीत आयतं नत्र मिळालं की झाड गाठींना पोसतच नाही, मग आहेत त्याही बसतात. पेरताना एकरी बॅगभर डीएपी खत दिलं असेल तर त्यात ९ किलो नत्र आलंच, सुरुवातीला तेवढं पुरतं. आधी सांगा, पाकिटावर कुठल्या पिकाचं नाव होतं? आणि बुरशीनाशक कधी लावलं?

काळीमाती:
दादा, पाकीट अजून खोलीत होतं, आत्ता बघितलं, त्यावर सोयाबीन लिहिलंय 😞 दुकानदाराने खरिपातलं उरलेलं दिलं, आणि मी पण न वाचता घेतलं. बुरशीनाशक आणि कल्चर एकाच घमेल्यात कालवलं, मग ताडपत्रीवर उन्हात वाळवलं.

माती_तपासणारी:
मी माती परीक्षणाच्या लॅबमध्ये काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सगळ्या पिकांना एकच जिवाणू चालत नाही. मूग, उडीद, तूर, चवळी, भुईमूग यांचं एकमेकांत जमतं, पण सोयाबीनचा वेगळा आणि हरभऱ्याचा वेगळाच. मूळ जमिनीत एक प्रकारचा रस सोडतं, तो ओळखून जिवाणू येतो आणि मुळाच्या केसातून आत शिरतो, ओळख पटली नाही तर दारातच राहतो. तुमच्या गाठी जमिनीतल्याच कुठल्यातरी कमजोर जिवाणूच्या असणार, घर बांधलं पण काम नाही. काम करणारी गाठ आतून गुलाबी-लाल असते, आपल्या रक्तासारखाच लोह असलेला पदार्थ असतो तो. हवेतलं नत्र पकडणारं जिवाणूचं यंत्र प्राणवायूने बिघडतं, हा लाल पदार्थ प्राणवायू धरून ठेवतो आणि जिवाणूला लागेल तेवढाच देतो. झाड साखर देतं, जिवाणू नत्र देतो. चुलत्यांच्या रानातली एक गाठ ब्लेडने कापून बघाच. फक्त झाड हाताने उपटू नका, गाठी तुटून मातीत राहतात. आणि घाटे भरायला लागल्यावर गाठी हिरवट-तपकिरी झाल्या तर घाबरू नका, तेव्हा त्यांचं काम संपलेलं असतं.

रब्बीवाला:
ताईंनी बरोबर सांगितलं. यंदा युरिया जमिनीत नको, फुलोऱ्यात पानांवर २ टक्के युरियाची फवारणी घ्या, १५ लिटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. पाणी तुंबू देऊ नका, गाठींना हवा लागते. पुढच्या वर्षी हरभऱ्याचंच पाकीट घ्या, मुदत बघून, आणि दुकानात ते उन्हात पडलेलं असेल तर घेऊच नका, जिवंत वस्तू आहे ती. आधी बुरशीनाशक लावून बी सुकू द्या, कल्चर सगळ्यात शेवटी. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं एक पाकीट, गूळपाणी पूर्ण थंड झालेलं, हलक्या हाताने चोळा नाहीतर साल निघते. सावलीत वाळवून लगेच पेरा. सोबत स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणाऱ्या जिवाणूंचं पीएसबी कल्चर पण लावा, आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात डीएपीतलं बरंच स्फुरद चुन्याला धरून बसतं, ते जिवाणू आम्ल सोडून त्यातलं थोडं मोकळं करतात.

काळीमाती:
आत्ताच चुलत्यांच्या रानातून आलो. गाठ कापली, आतून डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. आज पहिल्यांदा बघितली. युरियाची बॅग परत करतोय.