पिरोश्काचं जर्मन फक्त मलाच कळत नाहीये का?

निवांत७
जर्मनची बी-वन (मधल्या पातळीची परीक्षा) झाली एकदाची, आता कान तयार व्हावेत म्हणून जुने हलकेफुलके जर्मन पिक्चर बघायला घेतलेत. पहिलाच लावला 'इश डेंके ऑफ्ट आन पिरोश्का', १९५५ चा, तोही सबटायटल बंद करून (हौस!). त्या हीरोचं, आंद्रेआसचं, बरंचसं कळतं पण हीरोइनने तोंड उघडलं की मी गार. एकेक वाक्य पाच पाच वेळा मागे घेऊन ऐकलं. कान खराब की ऑडिओ?

खिडकीपाशी
हाहाहा कान ठणठणीत आहेत. अरे ती हंगेरीतल्या स्टेशनमास्तरची मुलगी आहे, हंगेरियन हेल काढून मोडकंतोडकं जर्मन बोलते, गंमतच ती आहे. आणि नटी लिझेलोटे पुल्फर मूळची स्विस, बर्नची. म्हणजे स्विस बाई हंगेरियन होऊन मुद्दाम चुकीचं जर्मन बोलतीये आणि तू बसलायस वहीत उतरवून 😂

अर्धाकप
हंगेरीही खरी नाही त्यात, शूटिंग युगोस्लाव्हियात झालंय. स्टेशनचं नाव वाचलंस का? होदमेझोवाशारहेय्कुताशिपुस्ता. पाटी वाचून होईस्तोवर गाडी सुटायची. मला पिक्चर जरा जास्तच गोड वाटतो, युद्ध संपून जेमतेम दहा वर्षं झालीयेत आणि हे आपले १९२० च्या दशकातल्या सुट्टीत रमलेत, पण लोकांना तेव्हा तेच हवं असणार. तरी त्या सिग्नलसाठी सगळं माफ.

निवांत७
कुठला सिग्नल??

अर्धाकप
शेवट बघितला नाहीस अजून? मग मी गप्प बसतो.

खिडकीपाशी
ऐकायची प्रॅक्टिसच हवी असेल तर 'ड्राय मेनर इम श्ने' बघ. डायरेक्टर तोच, कुर्ट हॉफमन, सालही तेच, गोष्ट एरिष केस्टनरची. करोडपती माणूस गरीब बनून बड्या हॉटेलात उतरतो आणि हॉटेलवाले भलत्याच बेकार पोराला करोडपती समजून त्याची सरबराई करतात, खऱ्या शेठला मात्र माळ्यावरची खोली. नटाची भाषा बरीच सरळ आहे, हेल वगैरे भानगड नाही.

निवांत७
बघितला शेवट. रात्रीचे अडीच वाजलेत. पोरीने सरळ सिग्नल लाल करून आख्खी गाडी थांबवली हो त्याच्यासाठी! बापाचंच स्टेशन ना ते, नोकरी गेली असती की म्हाताऱ्याची.