बाहेरचं खाणं: तुमच्याकडे किती वेळा होतं, आणि तुम्ही मोजता कसं?

वहीवाली

गेल्या महिन्यात रक्ताचे रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. साखर काठावर, लिव्हरवर थोडी चरबी. त्यांनी कागदावरून नजर न काढता विचारलं, "बाहेरचं किती वेळा होतं?" मी म्हटलं, "आठवड्यातून एकदा. फार तर." शेजारी बसलेल्या नवऱ्यानेही मान डोलावली. आपण खोटं बोलतोय असं दोघांनाही अजिबात वाटलं नाही.

घरी आल्यावर लेकाने ॲपमधली जुन्या ऑर्डरींची यादी काढून समोर धरली. वर्षभरात १३१. यात माझ्या बँकेचं कँटीन नाही, त्याची कॉलेजबाहेरची फ्रँकी नाही, रविवारी सकाळी नाक्यावरून आणलेले सामोसे नाहीत. "आपण कुठे जातो बाहेर?" असं नवरा म्हणाला, आणि ते खरंच आहे. जात नाहीच, सगळं घरात येतं!

आता मूळ विषय. दिवाळीआधी आईकडे डोंबिवलीला रंगकाम काढलं, तेव्हा माळ्यावरून बाबांच्या जमाखर्चाच्या वह्या निघाल्या. १९८६ ते २००८. मधली दोन वर्षं वाळवीने खाल्ली. बाबा माटुंग्याला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये होते. रोज रात्री जेवण झालं की वही घेऊन बसायचे. दूध, वाणी, भाजी, पास, औषध, किरकोळ, असं सगळं निळ्या शाईत. 'हॉटेल' तेवढं लाल शाईत. गुन्हा कबूल केल्यासारखं.

मी बसून लाल ओळी मोजल्या. १९८८ मध्ये ५. १९९१ मध्ये ६. १९९७ मध्ये ९. २००३ मध्ये १७. २००७ मध्ये २६. पाचाचे सव्वीस व्हायला एकोणीस वर्षं लागली, आणि सव्वीसाचे एकशे एकतीस कधी झाले ते मला कळलंसुद्धा नाही.

१४ ऑगस्ट १९८८, रविवारची नोंद अशी आहे: "हॉटेल – मसाला डोसा ३, चहा २ – १९.५०." डोसे तीन, माणसं चार. मी आणि भाऊ एका डोशात, आणि मधल्या भाजीवरून भांडलो होतो, हे मला लख्ख आठवतं.

२००१ मध्ये माझा पहिला पगार झाला. मी सगळ्यांना व्ही.टी.समोरच्या मॅकडोनाल्डमध्ये नेलं. बाबांनी ट्रेमधला कागद उलटा केला, खिशातलं पेन काढलं आणि तिथेच भागाकार मांडला. तो कागद वहीत घडी घालून ठेवलेला सापडला. एका कोपऱ्यात तेलाचा डाग, आरपार दिसतं त्यातून. वर लिहिलंय: "२३६ ÷ २० = डोसे ११, वर चहा २." बिल मी दिलं होतं, तरी!

तर विचारायचं हे: तुमच्या घरी पूर्वी किती वेळा व्हायचं, आता किती वेळा होतं? आणि मोजताना काय धरता? पार्सल धरता का? आकडा लाज न बाळगता सांगा, मी सांगितलाय.

---

परळकर

ताई, प्रश्नातच घोळ आहे. फास्ट फूड म्हणजे काचेच्या दाराआडचं, एसीतलं, असं कुणी ठरवलं? मॅकडोनाल्ड या देशात आलं १९९६ ला. अशोक वैद्यांनी दादर स्टेशनबाहेर पावात वडा घातला १९६६ ला. तीस वर्षं आधी. पैसे द्यायला जितका वेळ लागतो तेवढ्यात हातात, बसायला खुर्ची नाही, ताट नाही, चमचा नाही, एका हाताने खायचं आणि दुसऱ्याने बॅग सांभाळायची. याच्यापेक्षा फास्ट काय असतं?

माझा हिशोब सांगतो. आमचे वडील गिरणीत होते. ब्याऐंशीचा संप झाला तेव्हा मी शाळेत. संपानंतर आमच्या एका गल्लीत वड्याच्या तीन गाड्या लागल्या, त्यातली एक वडिलांच्याच खात्यातल्या माणसाची. नंतर मी स्वतः लोअर परळला प्रिंटिंग प्रेसमध्ये लागलो, १९९० ते २००६. दुपारपाळी. आठवड्यातून सहा दिवस संध्याकाळी वडापाव, कधी दोन. वर्षाचे तीनशे धरा. प्रेस बंद पडली, मी बदलापूरला आलो, घराजवळच छोटं दुकान टाकलं. आता महिन्यातून एखादा, तोही पाव गरम असेल तर. म्हणजे सगळ्या जगाचा आलेख वर चाललाय आणि माझा खाली. माझ्या नातवंडांना हे सांगितलं तर ती म्हणतात, वडापाव कुठे फास्ट फूड आहे, तो तर वडापाव आहे.

आणि एक. बाबांच्या वहीतलं ते 'किरकोळ' जरा उघडून बघा. वर्कशॉपातला माणूस माटुंगा ते डोंबिवली रोज नुसती हवा खाऊन आला होय?

---

खानेसुमारी

वहीवाली ताई, तुम्ही डॉक्टरांना जे उत्तर दिलंत ते मी नोकरीत हजारो वेळा ऐकलंय. मी राष्ट्रीय नमुना पाहणीत होतो, घरोघरी जाऊन खर्च लिहून घ्यायचं काम. आता निवृत्त.

'बाहेरचं किती वेळा खाता?' हा प्रश्न माणसाला विचारूच नये. कारण तो आकडा कुणाच्या डोक्यात नसतो, डोक्यात असते ती आपली प्रतिमा. आम्ही विचारायचो ते वस्तू आणि दिवस धरून. २०२२-२३ ची घरगुती खर्चाची पाहणी बघा: धान्य-डाळीला मागचे ३० दिवस, पण भाजी, फळं, अंडी-मांस आणि तयार खाणं याला फक्त मागचे ७ दिवस. सातच्या पुढे माणसाला भाजी आठवत नाही, भेळ काय आठवणार? आणि तयार खाण्याचेही दोन भाग: एक शिजवून वाढलेलं, एक पाकिटातलं. तुमचं पार्सल पहिल्यात जातं. खाल्लं कुठे याच्याशी आमचं देणंघेणं नाही.

इचलकरंजीतली एक गोष्ट सांगतो. यंत्रमागवाल्यांची वस्ती. बाई म्हणाल्या, "बाहेरचं? आमच्यात न्हाई चालत." मी लिहायला खाली वाकलो तर उंबऱ्यावर बसलेली सहा-सात वर्षांची पोरगी बोटं मोजायला लागली: "मंगळवारी भेळ. गुरुवारी पप्पांनी वडा आनला. शुक्रवारी आजीला बरं नव्हतं तवा इडली. शनवारी..." बाईंनी डोळे वटारले. पोरगी थांबली. मी म्हटलं, बाळ, शनिवारी काय? पाणीपुरी. चारही लिहून घेतले. बाई खोटं बोलत नव्हत्या. भेळ हे त्यांच्या लेखी खाणंच नव्हतं, ते पोरीचं रडणं थांबवणं होतं. आणि इडली हे औषध.

आकडे हवे असतील तर: शहरी घराच्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा १९९९-२००० मध्ये ४८ टक्के होता, २०२२-२३ मध्ये ३९ वर आला. पण एकूण खर्चात पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा वाटा २०११-१२ मध्ये नऊच्या आसपास होता, तो साडेदहाच्या वर गेला. धान्यावरचा खर्च आटला आणि हा वाढला. मात्र हे रुपये आहेत, खेपा नव्हेत, आणि यात चहा-बिस्किटंही येतात. यावरून 'लोक दुप्पट वेळा हॉटेलात जायला लागले' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

खेपा मोजायच्या तर तुमच्या बाबांसारखी वही लागते. किंवा उंबऱ्यावरची पोरगी.

---

पेठेतला_पाहुणा

मी लातूरचा, सध्या पुण्यात सदाशिव पेठेत, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास. कॉट बेसिसवर राहतो, जेवण मेसचं, दोन वेळचे महिन्याला ३२००. रविवारी दुपारी फीस्ट असते (म्हणजे जिलबीची दीड कडी आणि मसालेभात) आणि रविवारी रात्री मेस बंद. पुण्यातल्या सगळ्याच मेस रविवारी रात्री बंद असतात बहुतेक. त्यामुळे रविवारी आठ वाजता टिळक रोडला अंडाभुर्जीच्या गाडीवर आणि चायनीजच्या गाडीवर जी गर्दी असते ती सगळी आमच्यासारखी.

तर माझा आकडा महिन्यातून चार. पण मग मेस काय आहे? ती बाहेरची की घरची? घरचं जेवण मी गणपतीत आणि दिवाळीत जेवतो. आई फोनवर रोज विचारते, "बाहेरचं खात नाहीस ना?" मी म्हणतो नाही, मेसलाच जेवतो. तिला बरं वाटतं.

---

जर्सीची_काकू

इकडचं थोडं सांगते. आम्ही १९९८ ला न्यू जर्सीत आलो. पहिली दोन वर्षं शाकाहारी माणसाला हायवेवर एकच आसरा होता: टाको बेल. बीफ काढा, बीन्स घाला, एवढं इंग्रजी सासूबाईसुद्धा इथे आल्यावर आठवड्यात शिकल्या. २००१ मध्ये इथल्या एका साखळीच्या फ्राइजमध्ये चवीसाठी गोमांसाचा अर्क असतो असं बाहेर आलं. आमचे 'हे' तोवर दर शनिवारी मुलांबरोबर त्याच खात होते. त्या दिवसानंतर त्यांची पाटी कोरी, ती जवळजवळ दोन वर्षं. अशा कारणाने कमी झालेला आकडा कुठल्या आलेखात दिसत असेल का, हा मला पडलेला प्रश्न.

मग मुलांचं सॉकर आणि भरतनाट्यम सुरू झालं आणि आम्ही आठवड्यातून तीनदा गाडीत बसून जेवायला लागलो. गाडीच्या सीटच्या फटीत फ्राइज सापडायच्या, वाळून काडीसारख्या झालेल्या. मुलगी कॉलेजला गेली त्या महिन्यात ते आपोआप थांबलं. कुणी काही ठरवलं नव्हतं.

खानेसुमारी काका, इथल्या सरकारी पाहणीतला एक प्रश्न तर सात दिवसांच्याही आतला असतो. गेल्या २४ तासांत काय काय खाल्लंत ते सांगा. त्यातून आलेला आकडा: २०१३ ते २०१६ मध्ये साधारण ३७ टक्के प्रौढांनी त्या दिवशी फास्ट फूड खाल्लं होतं. २०२१ ते २०२३ मध्ये ३२. म्हणजे थोडं कमीच झालंय. का, ते मी सांगू शकत नाही, पण आमच्या घरापुरतं कारण भाव. जे आम्ही चार डॉलरला खायचो त्याला आता अकरा पडतात. २०२४ च्या जूनमध्ये मॅकडोनाल्डने गिऱ्हाईक परत यावं म्हणून पाच डॉलरचं मील काढलं तेव्हा आमच्या 'ह्यां'नी वहीवालीच्या बाबांसारखाच हिशोब केला होता, फक्त डोशांऐवजी डाळीच्या पाकिटांत.

---

वहीवाली

परळकर दादा, तुम्ही भलतंच डोकं चालवलंत. काल रात्री एक वाजेपर्यंत मी किरकोळ मोजत बसले होते.

१९८८ मध्ये 'किरकोळ १.२५'. १९९३ मध्ये २. १९९७ मध्ये ३. २००१ मध्ये ४. रोज. सोमवार ते शनिवार. रविवारी नाही, सुट्टीला नाही, आजारपणाची रजा असेल तर नाही. आधी वाटलं विडीकाडी असेल, पण बाबांना ते व्यसन नव्हतं. मग १९९१ ची वही घेतली, तिच्यात तारखेखाली तिथी छापलेली आहे. संकष्टीला किरकोळ नाही. एकाही संकष्टीला नाही. एकादशीलाही नाही. सिगारेट ओढणारा माणूस संकष्टीला सिगारेट सोडत नाही, वडा खाणारा सोडतो.

३१ ऑगस्ट २००२ ला बाबा निवृत्त झाले. १ सप्टेंबरपासून किरकोळ गायब. पुढच्या सहा वर्षांत तो शब्दच नाही.

म्हणजे १९९१ चा खरा हिशोब: लाल शाईतले ६, अधिक निळ्या शाईतले २६३. आमचे वर्षाचे १३१. आणि हा माणूस मला कॉलेजात असताना, बाहेरच्या तेलाचं तुम्हाला काही माहीत नाही, असं ऐकवायचा!

आईला फोन केला. म्हटलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, "मला काय विचारतेस? रुमालाला पुसलेली लसणीची चटणी कोण घासत होतं, तू?" मग जरा थांबून म्हणाली, "डबा पुरत नव्हता त्यांना. चार पोळ्यांच्या वर डब्यात बसायच्या नाहीत आणि मोठा डबा न्यायला लाज वाटायची."

एक कोडं राहिलंय. त्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑगस्टला, किरकोळ ८ लिहिलंय. दुप्पट. पेढे वेगळे लिहिलेत, १४० रुपये. मग हा दुसरा वडा कुणाला दिला असेल?

---

परळकर

कुणाला नाही. दोन्ही त्यांनीच खाल्ले. दुसऱ्या दिवसापासून मिळणार नव्हता ना.

आणि १९८८ ला सव्वा रुपया म्हणजे स्टेशनबाहेरचा नाही वाटत, जरा महाग आहे. वर्कशॉपच्या गेटसमोर कोण बसायचं ते आईंना विचारून ठेवा.