स्क्रीनवर इशारा आला, वडिलांनी फोन केला आणि ठेव मोडली गेली. आता काय करावे?

वारणाकाठ

नमस्कार. माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत आणि आईसह विट्याला राहतात. मी नोकरीनिमित्त पुण्यात असते. परवा मंगळवारी सकाळी ते निवृत्तिवेतनासाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याची माहिती लॅपटॉपवर शोधत होते. सर्वांत वर आलेल्या जाहिरातीवर त्यांनी क्लिक केले, तेव्हा संपूर्ण स्क्रीन निळी झाली, भोंगा वाजू लागला आणि संगणकात व्हायरस शिरला आहे, तो बंद करू नका, खालील क्रमांकावर ताबडतोब फोन करा, असा मजकूर दिसू लागला.

वडिलांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने अत्यंत नम्रपणे बोलत त्यांच्याकडून एक अ‍ॅप उतरवून घेतले आणि तुमचे बँक खाते धोक्यात आहे का ते तपासू, असे सांगून नेट बँकिंग उघडायला लावले. आपले दोन्ही हात मांडीवर होते आणि माउसचा बाण स्क्रीनवर आपोआप फिरत होता, असे वडील सांगतात. मोबाइलवर आलेले ओटीपी त्यांनी वाचून दाखवले. मुदत ठेव मोडून 1,20,000 आणि 64,000 रुपये अशा दोन रकमा खात्यातून गेल्या.

त्यांनी हे दोन दिवस कोणालाही सांगितले नाही. काल रात्री आईने फोन करून ते जेवत नाहीत असे सांगितले, तेव्हा सगळे बाहेर आले. आज सकाळी शाखेत फोन केला, तर ओटीपी तुम्हीच दिला असल्यामुळे आता काही होणार नाही, असे उत्तर मिळाले. खरोखरच काही होणार नाही का? आणि तो लॅपटॉप आता वापरावा का?

जुना शाखाधिकारी

ताई, हे वाचून झाल्यावर पहिली गोष्ट म्हणजे 1930 या क्रमांकावर फोन करा, बाकीचे त्यानंतर. हा केंद्रीय गृहमंत्रालयाच्या यंत्रणेचा क्रमांक आहे. तक्रार नोंदली गेली की ती पैसे ज्या बँकेत गेले तिच्याकडे जाते, तिथून पुढे सरकले असतील तर त्या पुढच्या बँकेकडे जाते, आणि जिथे कुठे रक्कम शिल्लक सापडेल तिथे ती गोठवली जाते. चोर ही रक्कम भाड्याने घेतलेल्या खात्यांमधून फिरवून शेवटी एटीएममधून काढतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे असतात. दोन दिवस गेले आहेत हे खरे, पण सगळी रक्कम निघून गेलीच असेल असे गृहीत धरू नका. फोन झाल्यावर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण भरा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा.

दुसरे, शाखेच्या तोंडी उत्तरावर थांबू नका. लेखी अर्ज द्या, त्यात दोन्ही व्यवहारांचे संदर्भ क्रमांक लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर तारीख व वेळेसह पोच घ्या. रिझर्व्ह बँकेच्या 6 जुलै 2017 च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः गोपनीय माहिती दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याच्यावर येते, हे मला आपल्यापासून लपवायचे नाही. परंतु त्याच परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर टाकलेले आहे, कळवल्यानंतर झालेले नुकसान बँकेचे मानले आहे, आणि चूक ग्राहकाची असली तरी भरपाई देण्याची मोकळीक बँकेला ठेवलेली आहे. एका ज्येष्ठ नागरिकाची ठेव अचानक मोडली जाते आणि काही मिनिटांत ती रक्कम अनोळखी खात्यांत जाते, हे बँकेच्या यंत्रणेला का खटकले नाही, हा प्रश्न अर्जात जरूर विचारा. 30 दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

दुरुस्ती, सातारा

लॅपटॉपबद्दल मी सांगतो, कारण अशी यंत्रे माझ्या दुकानात नेहमी येतात. त्याचे इंटरनेट आत्ताच तोडा, पण घाईने काही पुसू नका. ब्राउझरचा इतिहास, उतरवलेल्या अ‍ॅपचे नाव आणि त्यात दिसणारा क्रमांक यांचे मोबाइलवर फोटो काढा, पोलिसांना ते लागतील. त्यानंतर आवश्यक कागदपत्रे आणि फोटो बाजूला काढून विंडोज नव्याने टाकून घ्या. केवळ ते अ‍ॅप काढून टाकणे पुरेसे नसते, कारण त्या वेळेत आणखी काय बसवले गेले हे वरवर कळत नाही. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या यंत्रावरून, आणि सर्वांत आधी ईमेलचा, कारण बाकीच्या अनेक खात्यांची किल्ली तिथेच असते.

वडिलांना एक गोष्ट आवर्जून सांगा. त्यांनी पाहिलेली निळी स्क्रीन हे एक साधे वेबपान होते आणि तोवर संगणकात काहीही शिरलेले नव्हते. ते पान ब्राउझरला पूर्ण स्क्रीन व्यापायला लावते, त्यामुळे बंद करण्याची फुली दिसेनाशी होते आणि यंत्र अडकल्यासारखे वाटते. एस्केपचे बटण दाबून धरले, किंवा कंट्रोल, ऑल्ट, डिलीट ही बटणे एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद केला, की भोंगा थांबतो. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन क्रमांक कधीच नसतो. खरी चोरी त्या फोनपासून सुरू झाली.

मालतीची लेक

माझ्या मावशीची अशीच फसवणूक झाली होती, म्हणून पुढच्या दोन गोष्टींसाठी आत्ताच सावध करते. तक्रारीनंतर काही दिवसांनी तिला एका माणसाचा फोन आला. आपण सायबर विभागातून बोलत आहोत, आपले पैसे सापडले आहेत, ते सोडवण्यासाठी आधी शुल्क भरा, असे तो म्हणत होता. तिची रक्कमसुद्धा त्याला अचूक माहीत होती, कारण पहिल्या टोळीकडूनच ती माहिती पुढे गेली असावी. वडिलांचा क्रमांक आता अशाच यादीत असेल असे समजा आणि शक्य असेल तर काही महिने त्यांचे अनोळखी फोन आपण घ्या.

दुसरे, रक्कम गोठवली गेली तरी ती आपोआप परत येत नाही. आम्हाला पोलिसांच्या अहवालासह न्यायालयात अर्ज करावा लागला. नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, त्यासाठी कलम 503 आहे. वेळ लागला, पण गोठलेली रक्कम मिळाली.

आणि कृपया वडिलांवर कोणी रागावू नका. मावशीने आठवडाभर सांगितले नव्हते, कारण सुनेसमोर आपण मूर्ख ठरू असे तिला वाटत होते, आणि त्या आठवड्यात उरलेली रक्कमही गेली.

वारणाकाठ

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. दुपारीच 1930 वर तक्रार नोंदवली आणि संध्याकाळी विट्याला पोहोचले. तिसऱ्या एका बँकेतील खात्यात 37,500 रुपये गोठवले गेल्याचे कळले आहे. बाकी रकमेचा माग अजून लागलेला नाही.

वडिलांनी त्या दिवशी दिनदर्शिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला, वर्गात फळ्यावर लिहावे तशा सुवाच्य अक्षरांत, स्क्रीनवरचा फोन क्रमांक, त्या माणसाने सांगितलेले नाव आणि त्याची प्रत्येक सूचना वेळेसह लिहून ठेवली होती. ते पान ते लाजेने फाडून टाकणार होते. पोलीस ठाण्यात त्याची छायाप्रत तक्रारीला जोडून घेतली. बँकेचा अर्जही त्यांनीच लिहायला घेतला आहे, मी फक्त संदर्भ क्रमांक वाचून दाखवत आहे. उद्या शाखा उघडताच पोच घेऊन इथे कळवते.