पळायला लागून तीन आठवडे झाले, नडगी दुखायलीय – रोज पळू की दिवसाआड? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहायची पहिलीच वेळ, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४१, वजन ८६, उंची पाच फूट सहा. सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे माग बंद पडला की तिकडं पळायचं, गेल्या वीस वर्षांत एवढंच काय ते पळणं. फेब्रुवारीत रक्त तपासलं तर शुगर बॉर्डरला निघाली. डॉक्टर म्हणाले रोज अर्धा तास चाला. मी म्हणलं चालायचं काय म्हाताऱ्यासारखं, पळूच की. आता वाटतंय तेव्हाच ऐकायला पाहिजे होतं.

घराच्या मागं शाळेचं ग्राउंड आहे, तिथं पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरं येतात, १६०० मीटरची तयारी चालू असते. मी त्यांच्यातच घुसलो. पोरं चांगली आहेत, काका काका करून सांभाळून घेतात, पण त्यांचा एकच मंत्र, काका एक दिवस गॅप पडला की स्टॅमिना गेला. मग काय, एकही खाडा न करता सलग १९ दिवस पळालो. पहिल्या दिवशी अर्ध्या राउंडला जीभ बाहेर आली होती, १५व्या दिवशी न थांबता पाच राउंड मारले (आमचा राउंड साधारण ४०० मीटरचा) आणि घरी येऊन बायकोला असं सांगितलं जसं काय ऑलिम्पिकचं तिकीट लागलंय, ती म्हणाली बरं, आता सिलिंडर तेवढा आत घ्या.

१७व्या दिवसापासून नडगी. दोन्ही पायाला, आतल्या बाजूनं, उजवीला जास्त. पळायला सुरू केलं की दुखतं, अंग गरम झालं की थांबतं, मग वाटतं काही नाही, आणि दुपारी कारखान्यात पायऱ्या उतरताना परत कळ येते. काल पळालो नाही. आजपण नाही. आणि खरं सांगायचं तर दुखण्यापेक्षा याचीच भीती जास्त वाटायलीय, कारण माझा स्वभाव मला माहितीय, मागं जिम लावली होती, तीन दिवस चुकले ते चुकलेच, सहा महिन्याची फी गेली.

तर विचारायचंय हे की माझ्यासारख्यानं आठवड्यातून किती दिवस पळावं? मधल्या दिवशी नुसतं बसायचं का काही करायचं? आणि माझं काम उभ्याचं, शिफ्टमध्ये आठ-दहा तास पायावर असतो, मग न पळालेला दिवस आरामाचा धरायचा का नाही? अजून एक, हसू नका, आमच्याकडं नळाला पाणी चार दिवसाआड येतं आणि ते पण पहाटे, त्या दिवशी ग्राउंडला गेलो तर घरात घेणार नाहीत. तो दिवस रेस्टमध्ये मोजू का?

कडकभाकरी:
काय बे जॉबर, ४१ वर्षाचा गडी २० वर्षाच्या पोरांच्या मागं पळतोय आणि वर विचारतोय नडगी का दुखायलीय 😀 त्यांची परीक्षा आहे रे, दोन-चार महिन्याचा खेळ, लागले तर लागले. आणि एक ध्यानात घे, ग्राउंडवर जी पोरं रोज दिसतात ती टिकलेली असतात. नडगी धरून घरी बसलेली पोरं तुला ग्राउंडवर दिसणार कुठून? मी पण भरती केलीय, आमच्या ग्रुपमधले अर्धे असेच गळले. दिवसाआड पळ.

निवांत_धावणारी:
दादा, आधी अभिनंदन, १९ दिवस पहाटे उठणं सोपं नाही. मी ४६व्या वर्षी सुरू केलं, जुळे सोलापुरातच, आता पाच वर्षं झाली. नव्या माणसाला आठवड्यातून तीन दिवस पुष्कळ, दोन पळण्यांच्या मध्ये निदान एक दिवस मोकळा. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, काउच टू फाइव्ह के म्हणून नव्या माणसाला ५ किमी पळायला शिकवणारा जो प्रसिद्ध प्लॅन आहे, १९९६ साली जॉश क्लार्क नावाच्या माणसानं केलेला, तो ९ आठवड्यांचा आहे आणि त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत आठवड्याला तीनच दिवस आहेत. पहिल्या आठवड्यात काय असतं माहितीय का, पाच मिनिटं भरभर चालायचं आणि मग ६० सेकंद पळा, ९० सेकंद चाला, असं २० मिनिटं, बास.

कारण असं की दम लवकर वाढतो. दोन-तीन आठवड्यात तुम्हालाच जाणवलं की, अर्ध्या राउंडचे पाच झाले. पण हाडं आणि स्नायूबंध त्या वेगानं तयार होत नाहीत, त्यांना महिने लागतात. छाती म्हणते अजून एक राउंड मार आणि नडगी अजून मागच्याच महिन्यात असते. हाडावर ताण पडला की शरीर आधी तिथलं जुनं थोडं काढतं आणि मग नवं भरतं, त्या मधल्या काळात रोज ठोकत राहिलं की भरायला वेळच मिळत नाही. तुम्ही मागवाले आहात, माग चालू ठेवून कुणी दुरुस्ती करतं का?

आणि तुम्ही खाडा खाडा म्हणताय ना, तो खाडा नाहीच, ती भरपगारी सुट्टी आहे.

जॉबर (धागाकर्ता):
ताई, मागाचं उदाहरण बरोबर बसलं. पण ६० सेकंद?? पोरं हसतील हो.

निवांत_धावणारी:
हसू द्या. पळताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, तो तुमचा स्पीड. बोलता येत नसेल तर हळू व्हा. पोरांशी गप्पा मारत पळा म्हणजे त्यांचंच टायमिंग बिघडेल 😄

रोजचाच:
मी सहा वर्षं झाली रोज ५ किमी पळतो, काही झालं नाही. सगळं मनावर असतं. रेस्ट वगैरे शहरी फॅड.

कडकभाकरी:
@रोजचाच, तू पहिल्या महिन्यापासून रोज ५ पळत होतास का? शाळेत खोखो खेळायचास हे तूच मागं एका धाग्यात लिहिलंयस.

रोजचाच:
हां, खोखो होता. पण तरी.

फिजिओचा_कप्पा:
फिजिओथेरपिस्ट आहे, पाय न बघता निदान करणार नाही, पण घरी हे बघा. नडगीच्या आतल्या कडेला बोटानं वरून खाली दाबत या. दुखरा भाग वीतभर पसरलेला असेल तर बहुतेक शिन स्प्लिंट्स, म्हणजे जास्त ताणानं नडगीच्या कडेला होणारं दुखणं, नव्या पळणाऱ्यांना अगदी कॉमन. पण एकाच जागी, रुपयाएवढ्या ठिकाणी, बोट ठेवल्यावर ओरडायला होत असेल, किंवा रात्री पडल्या पडल्या ठणकत असेल, चालतानाही लंगडत असाल, तर पळणं पूर्ण बंद आणि हाडांच्या डॉक्टरकडं जा. तो स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणानं हाडाला गेलेली बारीक चीर, असू शकतो आणि सुरुवातीला साध्या एक्सरेत कधीकधी दिसत पण नाही, म्हणून एक्सरे नॉर्मल आला म्हणून परत पळायला जाऊ नका.

गरम झाल्यावर दुखायचं थांबतं याला फसू नका, या दुखण्याची सुरुवात अशीच असते. आता पळणं थांबवा, नुसतं चालताना आणि पायऱ्या उतरताना सलग काही दिवस अजिबात दुखलं नाही की मग ताईंनी सांगितलेल्या ६० सेकंदापासून. पुढं पळून दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर आधीचं जास्त झालं समजा.

तुमच्या उभ्या कामाचं विचारलंत ते महत्त्वाचं आहे, बरेच लोक ते विसरतात. दहा तास सिमेंटच्या फरशीवर उभं राहणं म्हणजे पायाला आराम नाही, पण पळताना प्रत्येक पावलाला जो दणका बसतो तो त्यात नाही, त्यामुळे रेस्ट डे म्हणून चालेल, फक्त त्यात अजून भर नको. घरी आल्यावर पाय वर करून पडा. अगदीच चुळबुळ होत असेल तर सायकल. पायरीच्या कडेला उभं राहून टाचा वर-खाली करायचा व्यायाम पण करा, दुखायचं थांबल्यावर, एका दिवसाआड. आणि नाइट शिफ्ट असते का? त्या आठवड्यात दोनच दिवस पळा, झोप झाली नाही तर रेस्ट झालाच नाही.

शुगरसाठी म्हणाल तर डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं मधल्या दिवशी करा, न दुखता होत असेल तर. पळण्यानं चालण्याची सुट्टी होत नाही.

निवांत_धावणारी:
आणि एप्रिल-मे येतोय. आपल्याकडं ४२ च्या पुढं पारा जातो, सात वाजता ऊन चटके देतं. सहाच्या आत आटपा, उन्हाळ्यात स्पीड आपोआप कमी होतो तर होऊ द्या.

जॉबर (धागाकर्ता):
सगळ्यांना धन्यवाद. बोटानं दाबून बघितलं, वीतभर दुखतंय, एका जागी नाही, रात्री ठणकत नाही. तरी सोमवारी सुट्टी आहे तेव्हा दाखवून येतो. तोवर पळणं बंद. पहाटे ग्राउंडला मात्र जाणार, नुसता चालायला, नाहीतर मला माझी खात्री नाही. पोरांना सांगितलं काका आता दिवसाआड, एकजण म्हणाला काका माझी पण नडगी दुखते, सांगितलं नव्हतं.

नंतर मंगळ, गुरू, शनि धरलंय. पाण्याचा दिवस त्यात आला तर तो आपोआप पुढं ढकलायचा. फक्त एक, त्या दिवशी खालून वरच्या मजल्यावर वीस-बावीस घागरी न्याव्या लागतात. याचं फिजिओ साहेबांनी काही सांगितलं नाही. आणि बूट कुठले घ्यायचे ते कुणीच बोललं नाही, मी अजून कॅनव्हासच्याच बुटावर आहे.

फिजिओचा_कप्पा:
कॅनव्हास?? आधी सांगायचं ना. आणि साहेब नाही, मॅडम. घागरी मुलांना उचलू द्या.