बोन स्कॅनमध्ये नवे डाग : केमो बदलायची की थांबायचं?

गोदाकाठ : बाबांना फुप्फुसाचा कॅन्सर, हाडांत गेलेला. केमोच्या २ सायकल झाल्या. सीटीत छातीतली गाठ लहान झालीय, दुखण्याच्या गोळ्या दोनवरून एकीवर आल्यात. बोन स्कॅनच्या रिपोर्टात मात्र मणक्यात दोन नवे डाग. डॉक्टर औषध बदलू म्हणतायत.
माझं मत ठाम आहे : पहिल्या तीन महिन्यांत नुसत्या बोन स्कॅनवरून केमो बदलू नये. बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम या किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देऊन तीनेक तासांनी फोटो काढतात. ते औषध कॅन्सरच्या पेशी शोधत नाही, जिथे नवं हाड तयार होतंय तिथे जमतं. हाड भरून येत असलं तरी डाग गडदच दिसणार. यालाच 'फ्लेअर' म्हणतात. लागू पडलेली केमो आपल्याच हाताने का सोडायची?

पेठकर : ताई, हे सगळं खरं. पण आईच्या वेळी आम्हीही 'फ्लेअर असेल' म्हणत सहा आठवडे काढले. तेवढ्यात यकृतात पसरलं. फुप्फुसाचा कॅन्सर थांबायला सवड देत नाही हो.

गोदाकाठ : वाचून वाईट वाटलं काका. तेव्हा आईंचं दुखणं वाढलं होतं का? मधे सीटी झाला होता?

पेठकर : दुखणं वाढलं होतं. आम्हाला उशिरा कळलं, ती सांगायचीच नाही. सीटी सहा आठवड्यांनीच झाला. म्हणून विचारतो, बाबा एकच गोळी घेतात ते दुखत नाही म्हणून, की तुम्हाला घोर नको म्हणून?

स्कॅनरूम : मी न्यूक्लिअर मेडिसिनला, म्हणजे बोन स्कॅन काढतात त्या विभागात, टेक्निशियन आहे. गाठी मोजायच्या २००९ च्या रेसिस्ट निकषांतही बोन स्कॅन मोजमापाला धरत नाहीत. डाग आहे त्याच जागेचा सीटी बघायला सांगा. तिथे हाड पांढरं, घट्ट होत असेल तर बहुधा भरून येतंय. पण पेठकरांशी मी सहमत आहे, हातावर हात ठेवून थांबू नका. पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर त्याच दिवशी एमआरआय.

गोदाकाठ : काका, रात्री बाबांना विचारलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, डावा खुबा दुखतो, जिना उतरताना जास्त. रिपोर्टात खुब्याचं नावच नाही. उद्या डॉक्टरांना हे आधी सांगते, खुब्याचा एक्स-रे आणि मणक्याचा सीटी मागते. केमोबद्दलचं मत अजून तेच आहे.