मदत हवी आहे : पिकअपची ताकद वाढवावी की पुनर्विक्रीची किंमत जपावी?

नमस्कार. माझ्याकडे चार वर्षे वापरलेली, टर्बो डिझेल इंजिनाची आणि हाताने गिअर बदलण्याची डबल कॅब पिकअप आहे. पहिल्या दिवसापासून मीच चालवतो आहे, सर्व्हिसिंग एकदाही चुकवलेले नाही आणि आतापर्यंत ९६ हजार किलोमीटर झाले आहेत. कागदोपत्री तिचा कमाल टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, मिनिटाला २००० फेऱ्यांना ४०० न्यूटन मीटर आहे. आठवड्यातून दोनदा मागे कामाच्या सामानाचा ट्रेलर जोडून मला एक लांब चढ चढावा लागतो आणि अडचण नेमकी तिथेच आहे. पूर्वी जो चढ चौथ्या गिअरमध्ये सहज पार होत असे, तिथे आता मध्यावर तिसरा टाकावा लागतो. फेऱ्या १५०० च्या खाली आल्या की गाडी अक्षरशः मान टाकते. पिकअपलाच पिकअप नाही, अशी थट्टा घरी सुरू झाली आहे. मायलेजही थोडे कमी झाल्यासारखे वाटते.

एका ट्यूनिंग करणाऱ्याने ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, रीमॅप करून (त्याचा प्रोग्रॅम बदलून) टॉर्क आणि अश्वशक्ती सुमारे २० टक्क्यांनी वाढवून देण्याची तयारी दाखवली आहे. मोठ्या व्यासाचा एक्झॉस्ट टाकावा आणि धुरातली काजळी अडवणारा डीपीएफ हा फिल्टर काढून टाकावा, असेही त्याने सुचवले. रीमॅप नको असेल तर सेन्सरच्या वायरमध्ये जोडायचा ट्यूनिंग बॉक्स घ्यावा, तो विकताना काढून ठेवता येतो, असे त्याचे म्हणणे आहे. मात्र दोन वर्षांनी ही गाडी विकून दुसरी घेण्याचा माझा विचार आहे. तेव्हा तिची किंमत पडू नये, अशी माझी इच्छा आहे. विस्तारित वॉरंटीचेही अजून वर्षभर शिल्लक आहे.

आतापर्यंत केलेले बदल फक्त दोन. दीड वर्षापूर्वी २६५/६५ आर १७ मापाचे मूळ टायर काढून २८५/७० आर १७ बसवले आणि त्याच सुमारास पुढे लोखंडी बंपर लावला. ताकद आणि विक्रीची किंमत या दोन्हींचा मेळ कसा घालावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

आपण शेवटी ओझरता केलेला टायरांचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मूळ टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर भरतो आणि नव्याचा सुमारे ८३१, म्हणजे जवळजवळ ७ टक्क्यांची वाढ. याचा अर्थ आपण नकळत प्रत्येक गिअर ७ टक्क्यांनी उंच केला आहे. इंजिन तेवढाच टॉर्क देत असले तरी टायर रस्त्याला लावतो तो जोर साडेसहा टक्क्यांनी घटला आहे आणि त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्याही तेवढ्याच खाली आल्या आहेत. टर्बो डिझेलमध्ये १५०० च्या आसपासचा भाग नाजूक असतो. तिथे एक्झॉस्टचा प्रवाह कमी पडला की त्यावर फिरणारा टर्बो हवेचा पुरेसा दाब तयार करू शकत नाही. त्यामुळे चढावर सुमारे १०० फेऱ्यांचा फरक सपाट रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त जाणवतो. त्यात नवी चाके जड आणि पुढे लोखंडी बंपर.

मायलेजचा काही भाग तर केवळ हिशेबाचा आहे. मोठे चाक एका फेरीत जास्त अंतर कापते, पण मीटर जुन्याच व्यासाने मोजतो. मीटरवर १०० किलोमीटर होतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात सुमारे १०७ धावलेली असते. विकताना हेही सांगावे लागेल, कारण गेल्या दीड वर्षातले आपले किलोमीटर मीटरवर कमी नोंदले गेले आहेत.

आता अश्वशक्तीविषयी. अश्वशक्ती म्हणजे टॉर्क आणि फेऱ्या यांचा गुणाकार. ४०० न्यूटन मीटर २००० फेऱ्यांना मिळत असेल, तर त्या क्षणी इंजिन सुमारे ८४ किलोवॅट, म्हणजे ११४ अश्वशक्ती देत असते. कागदावरचा मोठा आकडा त्याच्या बऱ्याच वरच्या फेऱ्यांना येतो, जिथे ट्रेलर ओढताना आपण बहुधा जातच नाही. म्हणून डायनोवरचा (ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा) कमाल आकडा दाखवून कोणी रीमॅप विकत असेल, तर १५०० ते २५०० या पट्ट्यातला आलेख आधी मागावा.

रीमॅपमध्ये इंधनाचे प्रमाण, रेलमधला (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या नळीतला) दाब, टर्बोचा दाब आणि टॉर्कची मर्यादा या गोष्टी बदलतात. रिकाम्या गाडीने ओव्हरटेक करताना दहा सेकंद पूर्ण ताकद वापरणे वेगळे आणि ट्रेलर घेऊन सलग दहा मिनिटे चढणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात एक्झॉस्टचे तापमान चढत जाते आणि त्याचा मार पिस्टन, सिलिंडर हेड व टर्बो यांवर पडतो. म्हणजे ज्या कामासाठी आपल्याला ताकद हवी आहे, तेच काम वाढीव ताकदीला सर्वांत कमी मानवते. शिवाय क्लच ४०० न्यूटन मीटरसाठी निवडलेला आहे आणि त्यानेही ९६ हजार किलोमीटर पाहिले आहेत. पाचव्या गिअरमध्ये १८०० फेऱ्यांवर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबावा. फेऱ्यांचा काटा झटकन वर गेला आणि वेग मात्र तिथेच राहिला, तर क्लच आजच घसरतो आहे असे समजावे.

ट्यूनिंग बॉक्सला माझा विरोध अधिक आहे. तो रेलमधला दाब खऱ्यापेक्षा कमी असल्याचे ईसीयूला भासवतो. ईसीयू मग दाब वाढवतो आणि इंजेक्टरमधून जास्त इंधन जाते. बॉक्स पाच मिनिटांत निघतो हे खरे, पण झालेली झीज त्याच्याबरोबर निघत नाही.

एक पैसाही खर्च करण्याआधी एअर फिल्टर पाहावा आणि टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचे (टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंतचे) व तिथून इंजिनापर्यंतचे सगळे रबरी पाइप हाताने चाचपावेत. जोडावर तेलकट काळा थर दिसला तर तिथून हवा निसटते आहे का, हे दाबाखाली तपासून घ्यावे.

प्रतिसाद २

मी विक्रीच्या बाजूने लिहितो, कारण तो धडा मी स्वतः घेतला आहे. माझी आधीची पिकअप मी रीमॅप केली होती आणि मोठा एक्झॉस्टही बसवला होता. गाडी सुरेख धावत असे. विकायला काढली तेव्हा पाहायला येणारा प्रत्येक जण बॉनेट उघडण्याआधी एकच विचारायचा, "गाडी पळवली किती?" मी ती जपून चालवली होती, पण ते सिद्ध कशाने करणार? बदलांवर केलेला खर्च कोणी धरला नाहीच, उलट क्लच आणि टर्बोच्या शंकेपोटी किंमत खाली मागितली गेली. ज्याला असे बदल आवडतात त्याला ते स्वतःच्या पसंतीने करायचे असतात आणि ज्याला आवडत नाहीत तो दारातूनच परत जातो.

ईसीयू पूर्ववत केला म्हणजे कोणाला कळत नाही, यावरही विसंबू नये. अनेक ईसीयूंमध्ये प्रोग्रॅम किती वेळा लिहिला गेला याची नोंद राहते आणि वॉरंटीचा दावा आला की ती पाहिली जाते. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल, तर अपघातानंतर तोही प्रश्न उभा राहू शकतो. डीपीएफ काढण्याचा सल्ला मात्र सरळ नाकारावा. अनेक देशांत ते बेकायदा आहे, गाडी प्रदूषण तपासणीत अडकते आणि तो परत बसवण्याचा खर्च घेणारा आपल्याच किमतीतून वजा करतो. याउलट टोइंगचा हुक, हौद्यातले लाइनर, मागची कॅनोपी यांसारख्या गोष्टींनी किंमत सहसा पडत नाही, कारण त्यांचा इंजिनाशी संबंध नसतो. मूळ टायर आणि बंपर अजून आपल्याकडे आहेत का? असतील तर ते पावत्यांसह जपून ठेवावेत. आमच्याकडे जागेअभावी मूळ सायलेन्सर भंगारात गेला, त्याचा पश्चात्ताप मला ट्यूनिंगपेक्षा जास्त झाला.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी बॉनेट उघडले. एअर फिल्टर ठीक होता, परंतु इंटरकूलरच्या बाहेर पडणाऱ्या पाइपाची क्लिप बोटाने फिरत होती आणि तिच्याखाली तेल व धूळ यांचा चिकट, काळा पट्टा बसला होता. पाइप उतरवला तेव्हा कडेला नखभर चीर दिसली. नवा पाइप आणि नवी क्लिप टाकून, दाबाखाली तपासून, काल ट्रेलरसह तोच चढ चढलो. तिसरा गिअर टाकावा लागलाच, पण पूर्वीपेक्षा बराच वर गेल्यावर, आणि फेऱ्या ढासळताना गाडी पूर्वीसारखी गप्प झाली नाही. क्लचची चाचणीही केली, काटा उडाला नाही.

मूळ चार टायर मागच्या खोलीत आहेत, बंपरही आहे. टायर पुढच्या आठवड्यात बदलून पाहणार आहे, तोपर्यंत रीमॅपवाल्याला थांबायला सांगितले आहे. एक शंका राहते. मूळ टायरांची नक्षी अजून निम्मी शिल्लक असली, तरी दीड वर्ष ते एकावर एक आडवे पडून होते आणि त्यांच्या बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक रेषा दिसतात. ट्रेलर ओढण्यासाठी ते वापरणे सुरक्षित आहे का, की त्याच मापाचे नवे घ्यावेत?

प्रतिसाद १

नवे घ्यावेत. रबर वापराविनाही वाळते आणि भार ओढताना ताण याच बाजूच्या भिंतींवर येतो. भिंतीवर कोरलेल्या चार अंकांतले पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात, ते एकदा वाचून घ्यावेत. नव्यांचा भारांक, म्हणजे टायर किती भार पेलतो हे सांगणारा आकडा, मूळ टायरांपेक्षा कमी असू नये. नवे बसवल्यावर त्याच ट्रेलरसह तोच चढ चढून चौथा गिअर कुठपर्यंत टिकतो, ते येथे अवश्य कळवावे.